धाकटीच्या घरची वीज

भडगाव रस्त्याला लागून रत्नाच्या धाकट्या जावेचं, सुलक्षणाचं, वावर होतं. नुसता मुरूम, कुसळ उगवेल तर शपथ! नेमकं तेच कंपनीनं विकत घेतलं आणि तिथं डेटा सेंटर उभं केलं. शहरातल्यांनी फोनला प्रश्न विचारायचे आणि इथल्या यंत्रांनी उत्तरं द्यायची, एवढंच त्याचं काम. पण धाकटीचं नशीब असं फळफळलं की शेजारीच तिचा बंगला झाला आणि कंपनीच्या लाइनवरून त्याला अष्टौप्रहर वीज मिळाली. रत्नाच्या मळ्यात मात्र मोटारीचं बटण दाबेपर्यंत वीज गुल व्हायची.

रत्नाचा नुसता जळफळाट व्हायचा. मळ्यातली विहीर वाटणीत थोरल्यांकडे आलेली, तरी धाकटी रोज तिथं हंडा भरायला येई. घरात चकचकीत नळ असताना ही बया साड्या मिरवायलाच येते, असं रत्ना नवऱ्याला, योगराजला, येता-जाता ऐकवायची.

फाल्गुनात कंपनीचा माणूस आला. यंत्रं तापतात, ती गार ठेवायला विहिरीचं पाणी द्या, बदल्यात मळ्याला अखंड वीज देतो, म्हणाला. सुलक्षणाला कळलं तशी ती धावत आली.

"अक्का, पाणी दिऊ नको व. हात जोडस तुले."

"का बरं? लाइट काय तुनाच घरले पाहिजे?"

आपलं भलं हिच्या डोळ्यांत खुपतंय, हे रत्नानं मनाशी पक्कं केलं आणि त्याच दिवशी होकार देऊन टाकला.

श्रावणात कानबाईचा सण आला. भाऊबंद वेगळे निघाले तरी देवीच्या नैवेद्याचे रोट एकत्रच व्हायचे. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू, आणि या घराण्यात कणीक भिजवायची ती आपल्याच विहिरीच्या पाण्यात. यंदा भाऊबंदांनी कानबाई बंगल्यावर बसवायचं ठरवलं. रत्नाचा तिळपापड झाला. पण पाणी आणायचा मान थोरलीचा, तो सोडायला ती तयार नव्हती. कळशी घेऊन ती विहिरीवर गेली. कालपर्यंत तळाशी हंडाभर तरी पाणी मिळायचं, आज पोहऱ्यात चिखल आला. पावसानं ओढ दिली होती आणि होतं नव्हतं ते कंपनीच्या पाइपानं नेलं होतं.

रिकामी कळशी घेऊन ती बंगल्यावर गेली. सुलक्षणा परातीत पीठ घेऊन बसली होती.

"इहिरमा चिखल शे. आते तुना नळनंच पाणी ली," म्हणत रत्नानं तोटी फिरवली. नळ नुसता फुसफुसला.

"मना बोअर दिवाळीलेच आटना," सुलक्षणा खाली बघत म्हणाली. "सेंटरनी बठ्ठं पाणी ओढी लिधं. तुनी इहीरवर जगी ऱ्हायनू मी."

रत्नानं कळशी खाली ठेवली. "मंग माले सांगं का नही?"

"काय सांगू? वावर गयं, पाणी गयं. तू माले पाहीसन जळे ना अक्का, तितलंच सुख राहेल व्हतं माले."