करियाची तकाकी

निंगव्वाने भाकरीवर तुपाची धार सोडली आणि ताट सुनेच्या हातात जवळजवळ आदळलं.

"ने. तुझ्या मामांना ओसरीवर ने. घरात बसून जेवायची लाज वाटाय लागलीया त्यांना. जलमभर माझ्यासमोर मांडी घालून जेवले, आन आता पाठ करून बसत्यात. मी काय ताटातलं हिसकून घेते व्हय?"

"आत उकडतंय म्हणून बसत असतील, आत्ती," दानेश्वरी म्हणाली.

"मग पंखा काय ओसरीवर हाय?"

मात्र तिचा नवरा चनमल्लप्पा जेवत नाहीत, असं कुणाला म्हणता आलं नसतं. ताट परत यायचं ते लख्ख. घरची रीतच तशी. अन्न म्हणजे प्रसाद. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटांनी खळबळायचं आणि तेही पिऊन टाकायचं. त्या लख्ख ताटाचा निंगव्वाला भारी गर्व. माझ्या हातचं टाकणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ती पाहुण्यांना तोंडावर ऐकवायची.

तरीही उगादीच्या पाडव्यापासून नवऱ्याची मान सदऱ्याच्या कॉलरमध्ये सैल पडत चालली होती. तिने तूप वाढवलं. वाटीत साय आली, भातावर मुगाचं घट्ट वरण आलं. अंगी काही लागेना. "खातंय कोण आन जातंय कुटं!" ती चारचौघांत म्हणे; आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की हळूच त्यांचं मनगट दोन बोटांत धरून पाही. बोटं दर वेळी आधीपेक्षा लवकर जुळत.

त्या दुपारी करियाला इंजेक्शन द्यायचं होतं. सासू-सुना कुत्र्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. गेल्या वर्षी याच करियाचे केस मुठीमुठीने गळत होते. पाठीवर चट्टे, अंगभर कोंडा. भाकरी-ताकावर केस टिकत नाहीत, रोज एक अंडं द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यावर निंगव्वा म्हणाली होती, "आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं येत न्हाय. गळू द्यात की केस. त्याला काय बोहल्यावर उभं करायचंय?"

आज बाईंनी करियाच्या पाठीवरून उलटा हात फिरवला आणि तळवा पाहिला. एक केस नव्हता.

"आजी, मानलं तुम्हाला. चट्टे भरले, कोंडा गेला. काय घालता आता?"

"तेच. भाकरी आन ताक."

बाई हसल्या. "नुसत्या भाकरीवर ही तकाकी येत नाही, आजी. पोटात जातं तेच केसांवर दिसतं. याला डाळ, दूध, तूप असलं काहीतरी रोज मिळतंय. तूप मात्र कमी करा. वजन वाढलंय याचं."

निंगव्वाने सुनेकडे रोखून पाहिलं.

"मी न्हाय, आत्ती. देवाशप्पत," दानेश्वरी म्हणाली. "पण उगादी झाल्यापास्नं झाडताना केस कमीच व्हत गेले. मला वाटलं, तुमीच देताय."

निंगव्वाचा हात कुत्र्याच्या काळ्याभोर, तुळतुळीत पाठीवर होता. तो तिने चटका बसावा तसा काढून घेतला. घरी उतरल्यावर ती रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडलीसुद्धा नाही, तेव्हा दानेश्वरीला भीती वाटू लागली.

संध्याकाळी निंगव्वाने ताट रोजच्यासारखंच वाढून पाठवलं आणि स्वतः ओसरीच्या दाराआड उभी राहिली.

चनमल्लप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, तुपात भिजवला आणि हात खाली नेला. करियाने तो आवाज न करता घेतला. मग दुसरा. वरणभाताचे घास झाले. सायही बोटांनीच चाटवली. मध्ये एकदा त्यांनी लहानसा घास स्वतःच्या तोंडात घातला. खूप वेळ चावला. मान ताणली, डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी घास तळहातावर काढून घेतला. करियाने तोही खाल्ला.

ताट रिकामं झाल्यावर त्यांनी त्यात तांब्यातलं पाणी घातलं, बोटांनी कडेकडेने खळबळलं आणि ताट ओठांना लावलं. एकेक घोट, थांबत थांबत. तेवढं मात्र उतरलं.

निंगव्वा बाहेर आली.

"कधीपास्नं?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. "आदी भाकरी अडकायची. आता भातबी जात न्हाय."

"मग सांगायला काय धाड भरली हुती?"

"तू रोज जास्तच वाढाय लागलीस," चनमल्लप्पा म्हणाले. "टाकावं तरी कसं?"

निंगव्वा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. रस्त्यावरची माणसं बघत होती, तरी पदर सावरायचं तिला सुचलं नाही.

"दानेश्वरी," तिने आत हाक मारली, "नवऱ्याला फोन लाव. सकाळी मामांना मोठ्या दवाखान्यात न्यायचंय म्हणाव. काम असलं तरी यायचं."

करिया तिच्या पायाशी येऊन टेकला. तिने त्याला हाकललं नाही. आधीच स्वच्छ असलेलं ताट मांडीवर घेऊन ती पदराने पुसत राहिली, पुन्हा पुन्हा, त्याच एका जागी.

"जलमभर एक खोटं धड जमलं न्हाय तुमाला," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "हे एक जमलं, तर तेबी कुत्र्याच्या अंगावर दिसलं."