नखाला न लागलेली खाच

ताईच्या मोटरसायकलचं ऑइल सील बाबांनी दुसऱ्यांदा बदललं, तरी सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर पुन्हा तेलाचा डाग होता. चांगला बशीएवढा. बाबांनी पुठ्ठा उचलून उजेडात धरला आणि सीलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"नकली माल विकतो मेला. सील आहे का खोडरबर?"

माझ्या नाकावर राग असतो असं घरातले सगळेच म्हणतात, पण गॅरेजमध्ये बाबांसमोर मी तोंड आवरते. तिथे ते आधी उस्ताद आणि मग बाप.

इंजिनातून जो शाफ्ट बाहेर येऊन चेन फिरवतो, त्याच्याभोवतीचं हे सील. ते गळलं की तेल आधी चेनवर येतं आणि तिथून मागच्या टायरवर उडतं. आमची ताई नर्स. लसींचा डबा मागे बांधून ती डोंगरावरच्या वस्त्यांवर जाते, आणि तो रस्ता म्हणजे नुसती वळणं. मागच्या आठवड्यात अशाच एका वळणावर तिचं मागचं चाक घसरलं. पडली नाही. घरी येऊन हसत हसत सांगितलं, पण सांगताना पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. आज दुपारी तिला पुन्हा निघायचं होतं.

बाबांनी मागच्या चाकाचा नट सैल केला, चेन उतरवली, शाफ्टवरचं दात्यांचं चाक काढलं आणि सील उचकटून बाहेर घेतलं. हे काम म्हणजे त्यांच्या हातचा मळ. चिंधीने शाफ्ट पुसला आणि नेहमीसारखं अंगठ्याचं नख त्यावरून सावकाश फिरवलं.

आमच्या गॅरेजचा हा नियम. शाफ्ट असो, ब्रेकचा ड्रम असो, बॅटरीच्या उजेडात बघायचं नाही, नखाने बघायचं. मी कामाला लागले तेव्हा बाबा मला डोळे मिटायला लावून भंगारातले शाफ्ट हातात द्यायचे आणि कुठे काय झालंय ते विचारायचे. चुकले की टपली. गावातले इतर मेकॅनिकसुद्धा अडलं की पार्ट घेऊन यायचे, "उस्ताद, जरा अंगठा लावा" म्हणायचे. बाबा अंगठा लावायचे आणि निकाल द्यायचे. त्यावर अपील नसे.

"लोण्यासारखा आहे," बाबा म्हणाले. "शाफ्टमध्ये काही नाही. दोष सीलचाच. हे त्याच्या तोंडावर मारून येतो. तू तोवर दुसरं बसव. आणि तळाला टेकेपर्यंत ठोक."

जुनं सील मुठीत घेऊन ते तरातरा निघाले. उंबऱ्यापाशी त्यांची डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच पुढे गेले. हा आमच्या घरातला जुना विनोद. बाबा एका चपलेने जातात आणि कोपऱ्यावरून कुणीतरी हाक मारतं. मी चप्पल घेऊन मागे पळाले, त्यांच्या पायाशी टाकली, आणि त्यांनी ती खाली बघून, अंदाज घेऊन घातली. तेव्हाही मी हसलेच.

परत येऊन सील बसवण्याआधी मी सवयीने शाफ्टवरून नख फिरवलं. नख अडकलं.

पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं. शेवटी नियम मोडून बॅटरी लावली. जुन्या सीलच्या कडेने वर्षानुवर्षं घासून शाफ्टवर गोल खाच पाडली होती, केसाएवढी बारीक पण अगदी स्पष्ट. नवं सील तळापर्यंत गेलं की त्याची कड नेमकी त्याच खाचेवर येत होती, मग तेल गळणार नाही तर काय. ही खाच तर शिकाऊ माणसाच्या नखालाही लागली असती. बाबांच्या नखाला दोन्ही वेळा लागली नव्हती, आणि आज तिसऱ्यांदाही नाही.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली शर्टाचं वरचं बटण त्यांना आरशाशिवाय लागत नाही. परवा चहाचा कप हातातून सुटला, तर ओरडले कपावर. ताई रक्त तपासून घ्या म्हणून मागे लागली की म्हणतात, "माझी साखर डब्यात आहे, तिथे बघ." आणि ती चप्पल. मी वर्षभर त्या चपलेला हसत होते.

मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. केलं ते वेगळंच. सील तळापर्यंत न ठोकता नखभर बाहेर ठेवलं, म्हणजे त्याची कड खाच सोडून कोऱ्या धातूवर बसली. आणि बाबा आल्यावर म्हणाले, "तुमचंच खरं, बाबा. ते सीलच खराब होतं."

मला त्यांची दया आली असं म्हणता येईल, पण ते तितकंसं खरं नाही. मला भीती वाटली. अंगठा गेला तर बाबांचं काय उरतं, हे मला बघायचं नव्हतं.

"मी म्हणत नव्हतो?" बाबा खुशीत आले. "सरक आता. चेन आणि चाक मी बसवतो. हाताचा अंदाज लागतो त्याला."

मी सरकले. त्यांनी चेन चढवली, चाक ओळीत घेतलं, नट आवळला, आणि पाना ठेवताना नेहमीसारखं "झालं" म्हणाले. तो नट मी पुन्हा तपासायला हवा होता, पण तपासला असता तर का तपासतेस हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी उगाच हत्यारं पुसत बसले.

मी गाडी चढावरून फिरवून आणली. इंजिन चांगलं तापवलं आणि आल्यावर सीलपाशी बोट घालून पाहिलं, तर सगळं कोरडं. तेवढ्यात ताई लसींचा डबा घेऊन आलीच.

"झाली का माझी म्हातारी बरी?"

"ये, दाखवतो," बाबा म्हणाले. ते गाडीशेजारी उकिडवे बसले आणि उजव्या हाताने चेनच्या झाकणाखालची जागा दाखवू लागले. "हे बघ. थेंब नाही. हिलासुद्धा पटलं. मी पहिल्याच दिवशी अंगठा लावून सांगितलं होतं की शाफ्ट साफ आहे, तर..."

बोलताना तोल सांभाळायला त्यांनी डावा हात इंजिनावर टेकला होता. नुकत्याच फिरून आलेल्या इंजिनावर. सगळा तळवा सिलिंडरच्या पात्यांवर. ते अंगठ्याबद्दल सांगत राहिले. वास आधी मला आला.

मी झडप घालून त्यांचा हात ओढला. तळव्यावर पात्यांच्या रेघा उठल्या होत्या, पांढऱ्या, एकाखाली एक. बाबा त्या रेघांकडे परक्याचा हात बघावा तसे बघत राहिले.

ताईने डबा खाली ठेवला, बाबांचा हात पाण्याच्या नळाखाली धरला, मग त्यांच्या दुसऱ्या हाताच्या बोटांची टोकं एकेक करून दाबली. "इथे कळतंय? इथे?" तिचा आवाज दवाखान्यातला झाला होता. "कधीपासून, बाबा?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"शाफ्टला खाच होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती."

"मोठी?"

मला खोटं बोलवेना. "नखाला लागेल एवढी."

त्यांनी मान हलवली. नळ वाहत होता. मग ते म्हणाले, "ताई, तू अजून निघू नकोस. धाकटे, पाना घे आणि मागच्या चाकाचा नट बघ."

मी गुडघ्यावर बसले. पाना लावला. मी सगळा जोर लावला. नट तसूभरही हलला नाही.

"घट्ट आहे, बाबा," मी म्हणाले. "अगदी नीट आवळलाय तुम्ही."

"असेल," बाबा म्हणाले. "आवळताना मला कळलं नव्हतं."