नादानंदांचा अंगठा

शनिवारी संध्याकाळी रावेतच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या चपला लिफ्टपर्यंत पोचल्या होत्या. सोजराबाईंच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चौरंगावर, झेंडूच्या हारात, त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा, हिंदुरावांचा, रेकॉर्ड प्लेअर विराजमान झाला होता.

"आत्मा कुठे राहतो? नादात! नाद कुठे राहतो? चक्रात!" नादानंद महाराज गरजले. "हिंदुराव, बोला!"

त्यांनी चिमूटभर अंगारा घेऊन सुईच्या दांड्याच्या मागच्या टोकाला अंगठ्याने चोळला आणि सुई तबकडीवर टेकवली. गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्यात गायिका अडकली. "उंबरा ओलांडू नको… ओलांडू नको… ओलांडू नको…"

सोजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बुधवारी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. 'आता लांबवू नका,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवराच वरून नको म्हणतोय म्हटल्यावर डॉक्टरांना कोण विचारतो! महाराजांनी ऑपरेशनऐवजी एकवीस दिवसांची नादसेवा सांगितली होती. हॉस्पिटलने बुधवारची तारीख फक्त सोमवार दुपारपर्यंत राखून ठेवली होती.

त्यांची मुलगी विजयश्री भिंतीला टेकून हा सोहळा बघत होती. ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी तपासणीला होती आणि आठवडाभर आईशी भांडून तिचा घसा बसला होता. बाबांनी उभ्या आयुष्यात एक वाक्य दोनदा उच्चारलं नव्हतं, आणि मेल्यावर ते एवढे बडबडे कसे झाले, हे तिला कळत नव्हतं. शिवाय अंगारा नेहमी मागच्या टोकालाच का? तबकडीला का नाही?

रविवारी सकाळी तिने प्लेअर समोर घेतला. दांडा कसा लावायचा ते बाबांनीच शिकवलं होतं. आधी तो हवेत आडवा तरंगला पाहिजे, ना वर ना खाली. मग मागचं गोल वजन फिरवून सुईवर दोन ग्रॅमचा भार द्यायचा. वजनावरचा आकडा एकच्याही खाली गेलेला पाहून ती स्वतःशीच हसली. तिने दांडा नीट लावला, मग कंपनीतला पिवळा पेन काढून वजन आणि दांडा यांच्यावरून एक सरळ रेघ ओढली.

संध्याकाळी महाराजांनी अंगारा चोळला, गायिका अडकली, हॉल गहिवरला. विजयश्री पुढे आली आणि तिने सुई उचलली.

"चिमाजीकाका, तुम्ही तीस वर्षं कारखान्यात गाड्यांच्या जुळणीवर काढलीत. बोल्ट आवळल्यावर आपण त्यावर पिवळी रेघ का मारतो?"

"बोल्ट हलला तर रेघ तुटती म्हणून," पुढे बसलेले शेजारचे म्हातारे चिमाजी म्हणाले.

"मग ही बघा."

चिमाजींनी चष्मा वर केला. "आयला! ह्ये वजन तर फिरलंय की राव! चांगलं पाव फेऱ्याच्या वर!"

"अंगाऱ्याचं सामर्थ्य!" महाराज तत्परतेने म्हणाले.

"असेल. मग आज चमच्याने शिंपडा. अंगठा नको."

महाराजांना एकाएकी आळंदीची बस आठवली. पण दारात एवढी गर्दी होती, की बाहेर पडणार कुठून? विजयश्रीने वजन फिरवून रेघ जुळवली आणि सगळ्या लोकांसमक्ष चांगला दोन चमचे अंगारा शिंपडून सुई टेकवली. गायिका अडकायची त्या जागी, तबकडीवरच्या जुन्या चऱ्यावर, सुई फक्त 'टक्' वाजली आणि गाणं पुढे गेलं, "…ओलांडू नको म्हणाले सारे, तरी निघाले मी." मग तिने नुसत्या अंगठ्याने, अंगारा न लावता, वजन मागे फिरवलं आणि तेच कडवं पुन्हा लावलं. हिंदुराव पुन्हा बोलू लागले!

"भार कमी झाला की सुई चरा ओलांडू शकत नाही, मागच्या रेषेत घसरते," ती म्हणाली. "बाबा यात कुठेच नाहीत. असते तर त्यांनी पहिल्यांदा हा हार काढायला लावला असता."

लोक हसले. नादानंद त्या हशाच्या आडोशाने सटकले.

हॉल रिकामा झाल्यावर सोजराबाई प्लेअरवरचा हार काढून तो मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना तसं पाहून विजयश्रीचं जिंकल्याचं समाधान पार उतरलं.

"आई, रागावलीस?"

"न्हाई गं. मला बी कळत हुतं, तुझं बाबा कुठलं बोलत्यात! पर छाती फाडायची म्हनल्यावर भ्या वाटलं. कुनीतरी नको म्हनावं, येवढंच पायजे हुतं."

"मग मला सांगायचंस ना, भीती वाटते म्हणून."

"तू लगीच मापं काढतीस," सोजराबाई म्हणाल्या. विजयश्रीला हे लागलं, कारण ते खरं होतं. तिने आईचा हात धरला. सोमवारी डॉक्टरांसमोर दोघी तासभर बसल्या आणि सोजराबाईंनी मनातलं सगळं विचारून घेतलं.

ऑपरेशन होऊन पंधरा दिवसांनी त्या घरी आल्या. भेटायला आलेल्या शेजारच्या शालनबाईंनी हळूच विचारलं, "म्हाराजांचा नंबर हाय का गं? गुडघा लई धरलाय."

"गुडघ्याला हाडाचा डाक्टर हाय," सोजराबाई उशीला टेकून म्हणाल्या. "भ्या वाटलं तर त्यालाच इचार, चार डाव इचार. आन कुनी अंगारा लावाय आलाच, तर डोळं मिटू नगंस. त्याच्या अंगठ्याकडं बघ."