राहून गेलेली सहल

घटस्फोटाचा निकाल लागला आणि सहा-सात महिन्यांनी तिच्या सासूबाईंचा फोन आला. लग्न झाल्यापासून ती त्यांना आईच म्हणत आली होती. आता काय म्हणायचं, ते निकालात कुठे लिहिलेलं नव्हतं. आईंनी विचारलं, ते चर्चचं गाव बघायचं राहिलंय, येतेस का?

खरंच राहिलं होतं. दर वर्षी दोघी बेत करायच्या आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी आईंचे गुडघे, कधी चष्म्याच्या दुकानात तिला न मिळालेली रजा, तर कधी नवऱ्याचा मूड. आता तो मूड सांभाळायचं काम दुसरीकडे गेलं होतं. ती हो म्हणाली.

सकाळच्या बसने दोघी निघाल्या. आईंनी उकडलेली अंडी आणि पाव असा भरगच्च डबा घेतला होता, जणू आठवडाभर परतायचंच नव्हतं. गाव लहानसं, दगडी गल्ल्यांचं, वळणावळणाला एक जुनं चर्च. तिसरं दिसल्यावर आई म्हणाल्या, "देवाला एवढी घरं, आणि आमची दोन खोल्यांत दाटीवाटी." ती कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

आईंनी उभा जन्म पडदे शिवले होते. आत गेल्यावर रंगीत काचांकडे त्यांनी नावापुरतं बघितलं आणि वेदीवरच्या कापडाची किनार मात्र वाकून वाकून निरखली. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. तिने तो काढून घेतला, पर्समधल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने दांडी आवळली, काचा पुसल्या आणि पुन्हा त्यांच्या कानांवर नीट बसवला. तोवर आई लहान मुलीसारख्या चेहरा वर करून थांबल्या होत्या. मेणबत्त्या विकणारी बाई म्हणाली, लेक गुणाची आहे हो तुमची.  आईंनी तिचा हात घट्ट धरला.

सगळ्यात मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढणं आईंना झेपणारं नव्हतं. त्या बाकावर टेकल्या आणि तिला एकटीला पाठवलं. पण वरचा जिना दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून ती लगेच परतली. आई पाठमोऱ्या बसून फोनवर हलक्या आवाजात बोलत होत्या.

"अरे, शेजारच्या बाईंबरोबर आलेय. त्यांनाच हौस. नाही रे, तिचा काय संबंध?"

ती खांबाआडच थांबली. फोन ठेवल्याचं दिसल्यावर, पावलं जरा वाजवतच पुढे आली. नंतर दोघी बाहेरच्या ओट्यावर जेवायला बसल्या.  आईंनी अंडं सोलून तिच्या हातात दिलं, ते तिने कसंबसं गिळलं.

परतीच्या बसमध्ये आईंनी डबा मांडीवर घेतला.

"ऐकलंस ना तू?" आईंनी शेवटी विचारलं.

"हो."

"नव्या सुनेला दिवस गेलेत. तुझं नाव निघालं की घरात अबोला सुरू होतो. मला आता त्याच घरात राहायचंय गं. या वयात जाऊ कुठे?"

ती म्हणाली, मला कळतं. खरोखरच कळत होतं, म्हणून तर जास्त लागत होतं. नवरा सोडून गेला तेव्हा निदान त्याच्याशी भांडता आलं होतं.

"यापुढे फोन नको करूस," आई म्हणाल्या. "मीच करीन, जमेल तसा."

जमणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

स्टँडवर मुलगा आईंना घ्यायला येणार होता. म्हणून ती एक थांबा आधीच उतरली. बस हलली तेव्हा आई खिडकीशी सरकल्या, पण त्यांनी हात केला नाही. तिला घराकडची बस स्टँडवरूनच मिळायची. ती मुद्दाम रमतगमत, दुकानांच्या काचांत बघत चालत गेली. पोहोचली तेव्हा तिथे दोघांपैकी कोणी नव्हतं. तिच्या बसला अजून अवकाश होता. ती बाकाच्या टोकाला बसली, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही याची खात्री करून घेतली, आणि मग रडली.