अर्ध्या दारावरचे हात

पाळणाघराला अर्धं दार होतं आणि मावशीचा एकच कायदा होता. कुठलंही पोर पायाने आत यायचं नाही. आईबापाच्या हातातून तिनेच ते दारावरून उचलून घ्यायचं. उचलताना अंग तापलंय का, पुरळ आहे का, सगळं कळतं. त्या सकाळी तिच्या धाकट्या जावेने आपलं बाळ पुढे केलं, पण मावशीचे हात कमरेवरच राहिले.

"गोवराची लस?"

"राहिली हो ताई. आणि बाकीच्या सगळ्या पोरांनी घेतलीय ना? मग याला कुठून होणार?"

"मागच्या गल्लीत जो तो हेच म्हणाला. आता तिथे घरोघरी गोवर आहे."

मागून सासूबाई कडाडल्या, "परक्या पोरीपायी सख्ख्या पुतण्याला दारात ठेवतेस?"

परकी पोर म्हणजे पाळणाघरातली, बसचालकाची टोपीवाली मुलगी. रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी तिचे केस नेले, अंगातली रोगाशी लढायची ताकदही नेली. तिला ही लस देता येत नव्हती. भोवतीच्या पोरांना दिलेली असली की गोवराला तिच्यापर्यंत पोचायला वाट सापडत नाही, एवढाच तिचा आधार. पुतण्यावर मावशीचा जीव होता, म्हणून तर ती जास्तच संतापली होती.

"जागा माझी आहे, विसरू नकोस!" सासूबाईंनी बजावलं.

"मग घ्या काढून. पोरांना घेऊन रस्त्यावर बसेन. पण हे हात पुढे यायचे नाहीत!"

तेवढ्यात टोपीवाली दाराशी आली आणि मावशीची नक्कल करत तिने बाळाकडे दोन्ही हात पसरले. "दे," ती म्हणाली. मावशीने तिला झटकन मागे ओढलं. जाऊ त्या टोपीकडे बघतच राहिली. मग बाळाला घेऊन तरातरा निघून गेली.

दुपारी ती रडवेलं बाळ घेऊन परतली. "आणलं टोचून. झालं समाधान? घ्या आता."

हात कमरेवरच. "सुई टोचली की लगेच भागत नाही, बाई. गोवराशी लढायचं कसं, हे अंगाला शिकावं लागतं. पंधरवडा जाऊ दे."

"आणि मी कामावर कशी जाऊ?"

मावशीने सासूबाईंकडे पाहिलं. "जागा यांची आहे ना? मांडीही यांचीच आहे."

सासूबाई पंधरवडाभर धुसफुसल्या, पण नातू सांभाळला. मग एका सकाळी जाऊ पुन्हा दाराशी आली. मावशीच्या आधी टोपीवालीचेच हात पुढे झाले, आणि या वेळी मावशीने तिला ओढलं नाही.