बावीस रुपये शहाण्णव पैसे

खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि दोन खिडक्या होत्या. एका खिडकीतून समोरच्या इमारतीच्या तेवीस खिडक्या दिसायच्या, दुसरीतून भिंत. भांड्यांत दोन पातेली, एक तवा, एक ताट, दोन वाट्या. कप एकच, दुसरा फुटला तेव्हा नवा आणावा असं काही कारण घडलं नाही. दुसऱ्या खुर्चीवर अकरा महिन्यांत माणूस बसला नव्हता, तिच्यावर कपडे वाळायचे. टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक वही होती. आणि बँकेत, त्या देशाच्या चलनात, दोन हजार सहाशे दहा होते.

या शेवटच्या आकड्याला तो हात लावत नसे. ते पैसे अप्पांच्या डाव्या डोळ्याचे होते.

अप्पा म्हणजे त्याचे वडील. त्यांनी चौतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी म्हणून काढली. पोतं काट्यावर चढवायचं, वजन मोठ्याने पुकारायचं, पोतं उतरवायचं, की पुढचं. त्याच कामात तरुणपणी उजव्या डोळ्यात धान्याचं कुसळ गेलं आणि तो डोळा कायमचा अधू झाला. पुढचा सगळा संसार त्यांनी डाव्या डोळ्यावर केला. आता रक्तातल्या साखरेने त्या डोळ्याच्या पडद्याला सूज आणली होती. डॉक्टरांनी तीन इंजेक्शनं सांगितली, एकेकाला अठ्ठावीस हजार. पहिलं अप्पांनी स्वतःच्या पैशांतून घेतलं. उरलेल्या दोन्हींचे छप्पन्न हजार मुलाने पाठवायचे ठरले होते.

पैसे जमून साडेतीन महिने झाले होते. पाठवले नव्हते, कारण भाव आला नव्हता.

"थांब रे," अप्पा म्हणायचे. "तुझ्याकडे आहे तोवर ते नाणं आहे. इकडे आलं की नुसते पैसे होतात, आणि पैसे काय, सुट्टे केले की गेले. तेवीस होऊ दे."

यार्डात जन्म गेलेला माणूस. पडत्या भावात गोदामाचं कुलूप न काढणारे व्यापारी त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, तेही दुसऱ्याच्या मालाचं वजन करता करता. आता पहिल्यांदाच घरचा माल गोदामात होता. पैसे जमले तेव्हा भाव बावीस चाळीस होता, म्हणजे तिकडच्या एका नाण्याला बावीस रुपये चाळीस पैसे. तेवीस झाला की साठ हजार तीस रुपये होतात, हा हिशोब त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने करून ठेवला होता.

"आणि डॉक्टर काय म्हणतात?" तो विचारायचा.

"सावकाश घ्या म्हणाले."

त्याने ते मानलं. मानणं सोयीचं होतं, आणि ते किती सोयीचं होतं हे वहीत लिहिलेलं होतं. तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता आणि कुठलीही गोष्ट मोजून टिपायची सवय त्याच्या अंगात मुरली होती. रविवारचा फोन किती वेळ चालला, हेही तो टिपायचा. आई होती तेव्हा फोन तिचा असे. शेवटी "हे घ्या, बोला त्याच्याशी" म्हणून ती अप्पांच्या हातात द्यायची, आणि बापलेक "बरं आहे ना?", "बरं आहे" यावर आटपायचे. आई गेल्यावर तेवढं 'बरं आहे' उरलं. पैसे पाठवले की पुढचा फोन दीड-दोन मिनिटांत संपायचा. पैसे थांबवल्यापासून मात्र तो पस्तीस-चाळीस मिनिटं चालायला लागला होता. भाव का चढला, कुणी चढवला, आता किती दिवस टिकेल, यावर अप्पा अगदी रंगात येऊन बोलायचे. प्रयोगशाळेतली माणसं चांगली होती, पण त्यांचं बोलणं 'सुप्रभात' आणि 'ही बाटली कुठली' एवढ्यावर थांबायचं. त्याच्या भाषेतलं आठवड्याचं सगळं बोलणं त्या चाळीस मिनिटांत असे. पैसे गेले तर बोलायचं काय, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. पाठवायची घाई मात्र केली नाही.

प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याची दोन वाचनं घेण्याची पद्धत होती. दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता. फरक मर्यादेत असला तर ठीक, नाहीतर तिसरं वाचन. भावाचंही त्याने तसंच चालवलं होतं. शुक्रवारचा बाजार बंद होतानाचा भाव तो बँकेच्या पानावरून आधीच वहीत लिहून ठेवायचा. तोच भाव शनिवारच्या पेपरात अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात यायचा. अप्पा पेपर जपून ठेवायचे आणि रविवारी फोनवर वाचून दाखवायचे. आकडे जुळले की दोघांनाही उगाच बरं वाटायचं.

गेल्या काही आठवड्यांत ते जरा जरा हुकत होते. पेपरवाले झोपेत छापत असतील, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

त्या रविवारी फोन लागला तेव्हा अप्पांचं जेवण झालं होतं आणि त्याचा चहा व्हायचा होता.

"काय शास्त्रज्ञ, जेवलात का?"

"अप्पा, इथे सकाळचे दहा वाजलेत."

"असतील बाबा. तुमच्याकडे सूर्यसुद्धा दुसऱ्या पाळीला येतो."

"वाचा भाव."

कागदाची सळसळ झाली. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाली.

"बावीस सोळा. अरे, पडला की! गेल्या आठवड्याला एकाहत्तर होता. पंचावन्न पैसे गेले एका दमात."

वहीत त्याने तासाभरापूर्वी लिहिलं होतं, २२.९६.

"अप्पा, शहाण्णव आहे. तेवीसला चार पैसे कमी."

"सोळा आहे. माझ्या पुढ्यात छापलंय."

"बँकेचा शहाण्णव आहे."

"मग तुझी बँक भांग पिऊन बसली असेल. थांब म्हणतो ना मी!"

ऐंशी पैशांचा फरक. हा काही मर्यादेत बसत नव्हता. फोन कानाला ठेवूनच त्याने लॅपटॉपवर त्याच पेपरचं शनिवारचं पान उघडलं. कोपऱ्यात छापलं होतं, २२.९६.

मग त्याने मागचा शनिवार उघडला. वहीत त्याचा आकडा ७९, अप्पांचा ७१. पेपरात ७९. त्याच्या मागचा: त्याचा ५९, अप्पांचा ५१. पेपरात ५९. त्याच्याही मागचा: ४५ आणि ४४. एका पैशाचाच फरक म्हणून त्याने तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. पेपरात ४५. त्याआधीच्या नऊ शनिवारी अप्पांचा आकडा पेपरशी पैशाला पैसा जुळत होता.

म्हणजे पेपर बरोबर होता आणि बँकही बरोबर होती. नवाचा एक होत होता, पाचाचा चार. आकड्यांची बारीक वळणं गळून पडत होती.

"अप्पा, समोर दार आहे ना, त्याच्याकडे बघा."

"का? कोण आलंय?"

"कुणी नाही. उजवा डोळा हाताने झाका आणि बघा. चौकट कशी दिसते?"

तिकडच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"चौकट जरा पोट काढून उभी आहे," अप्पा म्हणाले. "वय झालं तिचंही."

"कधीपासून?"

"झाले असतील तीन-चार आठवडे."

"दुसरं इंजेक्शन कधी घ्यायचं होतं? सावकाश वगैरे नको. डॉक्टर काय म्हणाले होते, ते सांगा."

"महिन्याने म्हणाले होते."

"आणि पहिल्याला किती झाले?"

"तूच मोज. तुझं डोकं चालतं त्यात."

चार महिने झाले होते.

"अहो, मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर तू लगेच पाठवून मोकळा झाला असतास. साडेबावीसच्या आत." अप्पांनी पेपराची घडी केली. "आणि फोनही लगेच ठेवला असतास."

त्याच्या डोक्यात गणित आपोआप सुटलं. पैसे जमले त्याच दिवशी पाठवले असते, तर अठ्ठावन्न हजार चारशे चौसष्ट रुपये झाले असते. तेवीसला साठ हजार तीस. फरक, एक हजार पाचशे सहासष्ट.

त्याने ताईला फोन लावला. ती अप्पांच्या गावापासून बसने दीड तासावर राहायची. तिने सगळं ऐकून घेतलं, मग ती सुटली.

"तुम्ही दोघं म्हणजे ना! दर रविवारी बाजार भरवता आणि मला पत्ता लागू देत नाही. मी विचारलं की म्हणतात, सूज उतरली. आणि तू? एवढा शिकलेला, चार महिने मोजत काय बसला होतास?"

"ताई, रागाव नंतर. डॉक्टर कधी येतात?"

"इंजेक्शनवाले एक मंगळवार आड येतात. परवाचा आहे, मग एकदम पंधरा दिवसांनी. पैसे भरल्याशिवाय औषध मागवत नाहीत. उद्या दुपारी बाराच्या आत भरावे लागतील. माझ्याकडे आत्ता नऊ हजार आहेत, पोरांची फी कालच भरली."

"बँकेतून पाठवले तर तीन दिवस लागतात."

"मग?"

"बघतो. तू फोन जवळ ठेव."

दोन चौक पलीकडे, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून, परदेशी पैसे पाठवण्याचा काउंटर होता. रविवारीही उघडा असायचा. तिथून पाठवलेले पैसे त्याच दिवशी पोहोचायचे. पावतीवरचा क्रमांक आणि ओळखपत्र दाखवलं की तिकडे रोख मिळायचे. काचेवरच्या पाटीवर लाल आकड्यांत भाव होता, २१.८५.

काचेमागच्या बाईने चष्मा कपाळावर चढवला होता. तिने रक्कम ऐकली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आज बँका बंद आहेत, म्हणून आम्ही आमचा भाव लावतो. उद्या सकाळी नऊला या. भावात एक रुपया तरी जास्त मिळेल."

"इथे नऊ वाजतात तेव्हा तिकडे बारा वाजून गेलेले असतात."

"मग आज लागतील तेवढेच पाठवा. बाकीचे उद्या."

हे त्यानेही येताना मोजलं होतं. उद्याच्या बारापर्यंत लागणार होते फक्त अठ्ठावीस हजार. उरलेले ठेवले तर बँकेच्या भावाने बरेच वाचत होते. पुढच्या रविवारी बोलायलाही काहीतरी राहिलं असतं.

"सगळे पाठवायचेत," तो म्हणाला.

"आकडे कळतात ना तुम्हाला?"

"कळतात."

"मग घरी कुणीतरी आजारी आहे." तिने कळा दाबायला सुरुवात केली. "कोण?"

"वडील."

"काय करतात?"

"वजन करायचे. धान्याचं."

तिने मान हलवली आणि पावती काचेखालून सरकवली. शुल्काचे पंधरा कापून दोन हजार पाचशे पंच्याण्णव. तिकडे मिळणार छप्पन्न हजार सातशे रुपये पंच्याहत्तर पैसे. तो आणखी काही विचारेल की काय म्हणून ती क्षणभर थांबली, मग चष्मा डोळ्यांवर घेऊन तिने मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

क्रमांक ताईला कळवून तो परत निघाला. बहुतेक दुकानं बंद होती. घरी येऊन त्याने भात लावला, जेवला, ताट धुतलं. बारा चाळीस झाले होते. रविवार अजून अर्धा शिल्लक होता.

मंगळवारी ताईचा फोन दवाखान्याच्या जिन्यातून आला.

"झालं इंजेक्शन. बाहेर बसवलंय, पट्टी आहे. तपासणीच्या कागदावर डाव्या डोळ्यासमोर सहाला साठ लिहिलंय. पहिल्या इंजेक्शनच्या आधीच्या कागदावर सहाला अठरा आहे. म्हणजे काय रे?"

"चांगल्या डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखता येतं, ते अप्पांना सहा मीटरवर आलं तरच ओळखता येतं. आधी अठरा मीटरचं येत होतं."

"आणि आता इंजेक्शन दिलं की परत येईल ना तेवढं?"

"थोडं येईल."

"थोडं म्हणजे किती?"

"ते मोजल्यावर कळेल, ताई."

पुढच्या रविवारी त्याने वही उघडली नाही. बँकेचं पानही नाही.

"काय शास्त्रज्ञ."

"काय अप्पा. पट्टी काढली?"

"काढली. तेवीस झाला म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"जावईबापूंनी. त्यांना वाटलं, मला बरं वाटेल."

"झाला असेल."

"हं." पंखा ऐकू येत राहिला. "जेवलास?"

"इथे सकाळ आहे, अप्पा."

"हो रे, विसरलो."

दोघांनीही फोन ठेवला नाही. अप्पांच्या दारावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, ती त्याला इथे ऐकू आली. त्याच्या खोलीत त्यांना ऐकू जाईल असं काही नव्हतं, म्हणून त्याने उठून नळ सोडला आणि पातेल्यात चहाचं पाणी घेतलं.

"काय करतोयस?"

"चहा ठेवतोय."

"साखर किती घालतोस?"

"दीड चमचा."

"कमी कर," अप्पा म्हणाले.

तिसरं इंजेक्शन ठरल्याप्रमाणे महिन्याने झालं. त्यानंतर पाच आठवड्यांनी ताई अप्पांना शेवटच्या तपासणीला घेऊन गेली. तिथूनच तिने कागदावरचे आकडे फोनवर वाचून दाखवले. त्याने ते एकदा ऐकले आणि पुन्हा वाचायला सांगितले. दोन्ही वेळा तेच आले. उजवा डोळा, पूर्वीइतकाच, सहाला साठ. डावा डोळा, सहाला छत्तीस.