गोल बाजारातला जिना

विदर्भातून कोणी पाहुणा रायपूरला आला की तुळशीराम मेश्रामांना दुसरं काही सुचत नसे. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झाल्यापासून तर पाहुण्यांना शहर दाखवणं हीच त्यांची नोकरी झाली होती. पहिला मान लांबच्या सिरपूरच्या बौद्ध विहारांचा, मग म्युझियम, बूढा तालाब, नव्या रायपूरचे रुंद रस्ते. "तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?" असं कोणी विचारायची खोटी, की ते चपला घालून तयार. त्यांची बायको भीमाबाई म्हणायची, "आपल्या घरी पाहुणा येते ताजा, अन् जाते लंगडत."

या खेपेचे पाहुणे मात्र फिरायला आले नव्हते. भीमाबाईच्या बहिणीचा मुलगा सचिन, त्याची बायको नीलिमा आणि त्यांची लहानगी आम्रपाली तुमसरहून आले होते ते दवाखान्यासाठी. पोरीच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. नव्या रायपुरातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी छाती न उघडता, मांडीतल्या नसेतून नळी घालून ते बुजवलं. शेवटची तपासणीही चांगली निघाली. आता एक रात्र मावशीकडे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं घरी.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तुळशीरामांनी विषय काढलाच.

"पहा सचिन, सिरपूर काही उद्या होत नाही. पण सकाळी लवकर निघालो तर म्युझियम होते, तेलीबांधा तलाव होते, अन् येता येता..."

"नको मावसाजी," नीलिमा हळूच म्हणाली. आम्रपाली तिच्या मांडीवर होती. "आम्ही घरीच बसतो. हिले गर्दी नको, धूळ नको."

"अवो, पण डॉक्टरनं चालाफिराले सांगितलं ना?"

"सांगितलं. तरी पण."

तुळशीरामांचा चेहरा उतरला तो भीमाबाईनं पाहिला. स्वयंपाकघरात भांडी आवरताना ती म्हणाली, "तुम्ही काहून तोंड पाडून राहिले? पाच वर्षं पोट्टी कडेवर वागवली तिनं. दोन पायऱ्या चढली का पोरीचे ओठ निळे पडत. डॉक्टरनं भोक बुजवलं, पण मायच्या मनातलं भेव अजून तसंच हाय."

तुळशीरामांना ते पटलं. तरी वाईट वाटायचं राहिलं नाही. इतके दिवस राहून हे लोक रायपूर म्हणजे सलाईनच्या बाटल्या एवढंच मनात घेऊन जाणार!

सकाळी चहा चालला होता तेव्हा आम्रपाली त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि मोकळे हात पुढे करून म्हणाली, "आबा, इथं बांगड्या भेटतात का? नर्स दीदीनं माझ्या काढून टाकल्या होत्या."

"भेटतात ना! आपल्या गोल बाजारात जशा भेटतात तशा..." असं म्हणता म्हणता ते थांबले आणि नीलिमाकडे पाहिलं. नीलिमानं पोरीच्या हातांकडे पाहिलं. मग आपल्याही मोकळ्या मनगटांकडे; पोरीच्या निघाल्या त्या दिवशी तिनंही आपल्या उतरवल्या होत्या.

"जाऊन लगेच येऊ," ती म्हणाली.

पोरीच्या तोंडाला ओढणी बांधून सगळे ई-रिक्षानं निघाले. गोल बाजारात सकाळीच रेटारेटी होती. कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, पितळी भांड्यांवर ऊन, दुकानदारांच्या हाका. बांगड्यांच्या गल्लीत हातगाड्यांमधून एकाच माणसाला वाट होती. पोरीला कडेवर घेऊन जाणं काही जमेना, तेव्हा नीलिमानं तिला खाली उतरवलं आणि भीमाबाईनं तिला बोट धरायला दिलं.

भीमाबाईचं नेहमीचं दुकान वरच्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, पायऱ्या उंच. नीलिमा पोरीला उचलायला खाली वाकली, तर आम्रपाली भीमाबाईचं बोट सोडून वर निघालीसुद्धा.

"आमू! थांब!"

ती काही थांबली नाही. भिंतीला हात लावत, एकेक पायरी चढत गेली. सचिननं बायकोचा दंड धरला. खाली कोणी हललं नाही. वर पोचल्यावर पोरीनं ओढणी खाली ओढली आणि ओरडली, "मम्मी, ये ना! इथं हिरव्या पण आहेत!"

ओठ गुलाबी होते. आवाजात धाप नव्हती.

नीलिमा खालच्याच पायरीवर मटकन बसली. आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली, मग पुन्हा हसली. मागून आलेल्या बायका वाट अडली म्हणून कुरकुरायला लागल्या. वरून दुकानदारीण डोकावली. "दीदी, ऊपर आके बैठो ना, पंखा है इधर!"

एरवी गोल बाजारात शिरल्यावर तुळशीरामांच्या तोंडाला खीळ नसे. कोणतं दुकान कोणत्या पिढीत आहे, सगळं सांगत. आज ते चष्मा पुसत उभे राहिले.

बांगड्या भरून झाल्या. पोरीच्या हिरव्या, नीलिमाच्याही हिरव्या. रस्त्यावर आल्यावर नीलिमा म्हणाली, "मावसाजी, गाडीले वेळ हाय ना अजून? आता कुठं नेता?"

तुळशीरामांच्या डोळ्यांपुढं सारं शहर उभं राहिलं. म्युझियम, तलाव, बाग. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "फरा खाऊ. गरम भेटते इथं जवळच."

टपरीच्या बाकावर सगळे दाटीवाटीनं बसले. तांदळाच्या पिठाचे वाफाळते फरे, वर मोहरी-तिळाची फोडणी, सोबत टमाट्याची चटणी. आम्रपालीनं एक संपवून दुसरा मागितला. नीलिमानं चटणीत लसूण किती घालतात ते टपरीवालीला विचारून घेतलं. निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि ती बाई प्रत्येक वाक्याला "हव, हव" म्हणत मान डोलावत होती.

"सहा महिन्यांनी परत दाखवाले यायचं हाय," सचिन म्हणाला. "तेव्हा चार दिवस काढूनच येतो."

"या," तुळशीराम म्हणाले, "सिरपूर कुठं पळून जात नाही."

भीमाबाईनं नवऱ्याच्या ताटलीत आपल्यातला एक फरा टाकला. स्टेशनकडे निघायला अजून अवकाश होता. कोणालाच घाई नव्हती.